अर्क आणि कीमो एकत्र: प्लेटमधल्या ०.७ वरून काय कळतं, काय कळत नाही

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका औषधी वनस्पतीचा इथेनॉलमधला अर्क आणि डॉक्सोरुबिसिन हे कीमोचं औषध एमसीएफ-७ या ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशींना लॅबच्या प्लेटमध्ये एकत्र दिलं तर कॉम्बिनेशन इंडेक्स ०.७ आला असं वाचलं, म्हणजे सिनर्जी (नुसत्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम) आहे, मग मावशीची कीमो चालूय तर तिला हा अर्क सुरू करावा का, त्यानं कीमोचा डोस कमी करता येईल का, आणि एमएस्सीच्या प्रोजेक्टला हाच विषय घेतला तर चालेल का.

मावशीचं आधी सांगते. तिच्या ऑन्कोलॉजिस्टला विचारल्याशिवाय काहीही सुरू करू नका, आणि डोस कमी करायचा विचार तर डोक्यातून काढूनच टाका. प्रोजेक्टसाठी विषय मात्र चांगलाय, फक्त बहुतेक लोक करतात तसा उरकू नका. मी कॅन्सर फार्माकॉलॉजीच्या लॅबमध्ये याच प्रकारचं काम करते, बरीच वर्षं झाली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, सावकाश वाचा.

आधी तो ०.७ कुठून येतो ते बघू. समजा डॉक्सोरुबिसिन एकटं दिलं तर पेशींची वाढ निम्म्यावर आणायला १ मायक्रोमोलर लागतं, आणि अर्क एकटा दिला तर १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली लागतो. आता दोन्ही एकत्र दिल्यावर तोच निम्मा परिणाम ०.३ मायक्रोमोलर डॉक्सोरुबिसिन आणि ४० मायक्रोग्रॅम अर्कावर मिळाला. मग ०.३ भागिले १ अधिक ४० भागिले १००, म्हणजे ०.३ अधिक ०.४, झाले ०.७. एकच्या खाली म्हणजे सिनर्जी, एकच्या आसपास म्हणजे नुसती बेरीज, एकच्या वर म्हणजे दोघं एकमेकांच्या पायात पाय घालतायत. चौ आणि तलाले यांनी १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे आणि आजही सगळ्यात जास्त हीच वापरतात. यात डॉक्सोरुबिसिन तिपटीहून जास्त कमी लागलं असं दिसतं, आणि 'कीमोचा डोस कमी करता येईल' हे वाक्य जे प्रत्येक पेपरच्या शेवटी असतं ते इथूनच जन्माला येतं.

पण हे गणित नीट करायचं तर दोन्ही औषधांचे पूर्ण डोस कर्व्ह (डोस वाढवत नेला की परिणाम कसा बदलतो ते) लागतात, आणि एकत्र दिल्यावरही किमान पाच-सहा पॉइंट लागतात. प्रत्यक्षात बरेचदा काय केलेलं असतं, अर्काचा एक डोस, औषधाचा एक डोस, आणि दोन्ही एकत्र, असे तीन बार आणि वर स्टार, म्हणजे फरक योगायोगाचा नाही अशी खूण. अर्कानं ३०% पेशी कमी झाल्या, औषधानं ४०%, एकत्र ६०%, झाली सिनर्जी! आता ब्लिस नावाच्या मॉडेलच्या हिशोबानं बघा, दोघं एकमेकांशी काहीही संबंध न ठेवता आपापलं काम करत असतील तर एकत्र किती अपेक्षित आहे? औषधानंतर उरल्या ६०%, त्यातल्या ३०% अर्कानं घेतल्या म्हणजे १८%, एकूण ५८%. साठ आणि अठ्ठावन्न यातला फरक पिपेटिंगमध्येच (द्रव मोजून टाकतानाच) जातो. त्यामुळे तीन बारवाला आलेख दिसला की मी पुढचं वाचायचं थांबवते, फार कडक वाटेल पण वेळ वाचतो.

अजून एक, ०.७ हा आकडा कुठल्या परिणामाला काढलाय ते बघा. बहुतेक सगळे ५०% ला काढतात कारण ते सोपंय, तिथे कर्व्ह सरळ असतो. पण कॅन्सरमध्ये निम्म्या पेशी मारून काय करणार, उरलेल्या निम्म्या परत वाढणारच आहेत. चौ यांचं स्वतःचंच म्हणणं होतं की कॅन्सरच्या औषधांसाठी ९०-९५% परिणामाला काय होतंय ते जास्त महत्त्वाचं. ५०% ला ०.७ आणि ९०% ला १.३ असं निघू शकतं, म्हणजे कमी परिणामाला मदत आणि जास्त परिणामाला अडथळा, आणि पेपरमध्ये फक्त पहिला आकडा छापलेला.

आता तो परिणाम मोजला कसा? नव्वद टक्के वेळा उत्तर एमटीटी असतं. १९८३ पासून चालत आलेली टेस्ट आहे, पिवळा एमटीटी जिवंत पेशी जांभळ्या फॉरमॅझानमध्ये बदलतात आणि आपण ५७० नॅनोमीटरला रंग मोजतो. स्वस्त आहे, सोपी आहे, मीही वापरते. पण ती पेशी मेली की जिवंत हे सांगत नाही, पेशीची चयापचयाची यंत्रणा किती चालू आहे ते सांगते, त्यामुळे वाढ थांबलेली पेशी आणि मेलेली पेशी तिला जवळजवळ सारखीच दिसते. आणि वनस्पतीच्या अर्कांची खास भानगड अशी की त्यातली पॉलिफेनॉल्स पेशींशिवायसुद्धा एमटीटीचा रंग जांभळा करतात! म्हणजे प्लेटच्या पेशी नसलेल्या खाचेत नुसतं मीडियम (पेशींचं पोषक द्रव), अर्क आणि एमटीटी टाकलं तरी जांभळं होतं, आणि मग पेशी मेलेल्या असताना जिवंत दिसतात. पेशी नसलेला कंट्रोल लावला नसेल तर त्या आकड्याला काही अर्थ नाही.

फ्लो सायटोमेट्रीतही (एकेका पेशीची चमक मोजायची पद्धत) असाच घोळ होतो. डॉक्सोरुबिसिन स्वतः नारिंगी-लाल चमकतं, त्यामुळे अ‍ॅनेक्सिन-पीआय (मरणाऱ्या आणि मेलेल्या पेशी रंगवून ओळखायची टेस्ट) करताना पीआयच्या चॅनलमध्ये डॉक्सोरुबिसिनच दिसतं आणि विद्यार्थी खुश की किती पेशी मेल्या. हळदीतलं कर्क्युमिन हिरवं चमकतं, ते फिट्क या हिरव्या रंगाच्या चॅनलमध्ये घुसतं. म्हणजे कर्क्युमिन आणि डॉक्सोरुबिसिन एकत्र करून अ‍ॅनेक्सिन-फिट्क आणि पीआय लावलं तर दोन्ही चॅनल बिघडले, आणि आलेख मात्र एकदम सुंदर येतो. रंग न लावलेल्या पण औषध दिलेल्या पेशी वेगळ्या चालवल्या तर लगेच लक्षात येतं.

पेशींबद्दलही बोलायला हवं. एमसीएफ-७ ही १९७३ साली जाहीर झालेली सेल लाईन (लॅबमध्ये कायम वाढवत ठेवलेल्या पेशी), मिशिगन कॅन्सर फाउंडेशनमध्ये एका पेशंटच्या छातीतल्या पाण्यातून काढलेली, इस्ट्रोजेन रिसेप्टर पॉझिटिव्ह. हिच्यात कॅस्पेस-३ हे पेशीचा मृत्यू घडवणारं एन्झाइम चालत नाही, जीनमध्येच तुकडा गायब आहे. तरीही 'आमच्या अर्कानं एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेस-३ सक्रिय झालं' असं लिहिलेलं सापडतं, अशा वेळी अर्कापेक्षा अँटिबॉडीवर संशय घ्यावा. एमडीए-एमबी-२३१ ही ट्रिपल निगेटिव्ह (इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन आणि हर-२ हे तिन्ही रिसेप्टर नसलेली), तिच्यात पी५३ आणि केरॅस हे कॅन्सरशी संबंधित दोन्ही जीन बिघडलेले, म्हणजे एमसीएफ-७ शी तिचं फारसं काही जुळत नाही. एमडीए-एमबी-४३५ तर कित्येक वर्षं ब्रेस्ट कॅन्सर म्हणून वापरली आणि नंतर कळलं की ती मेलानोमा आहे, त्वचेचा कॅन्सर. आणि आपल्या विषयाला सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे एमसीएफ-७/एडीआर. डॉक्सोरुबिसिनला न जुमानणारी एमसीएफ-७ म्हणून ती जगभर वापरली गेली, अर्कानं प्रतिकार मोडला असे पेपरच्या पेपर निघाले, आणि डीएनए तपासल्यावर निघाली ती ओव्हरीच्या कॅन्सरची, ओव्हकार-८ ची बहीण. आता तिला एनसीआय/एडीआर-आरईएस म्हणतात. जुने पेपर अर्थातच आहेत तिथेच आहेत, आणि लोक अजून त्यांचा दाखला देतात.

बरं, समजा पेशी बरोबर, टेस्ट बरोबर, गणितही बरोबर, आणि खरंच ०.७ आला. होऊ शकतं, कारण मेकॅनिझम खरे आहेत. काही वनस्पतीजन्य रेणू पी-ग्लायकोप्रोटीन नावाचा पंप अडवतात, हा पंप डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल दोन्ही पेशीबाहेर फेकतो, तो अडला की औषध आत साठतं. काही एनएफ-कप्पा-बी दाबतात, कीमोच्या धक्क्यानं पेशी जो जगायचा सिग्नल चालू करते तो मग कमी पडतो. काही पेशीतलं ग्लुटाथायोन हे संरक्षक अँटिऑक्सिडंट संपवतात आणि ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतात. अश्वगंधेतलं विथाफेरिन-ए पेशींना जी२/एम टप्प्यावर, म्हणजे विभाजनाच्या तोंडावर, अडकवतं. ही सगळी यंत्रणा कागदावर झकास दिसते आणि प्लेटमध्ये बऱ्याच वेळा चालतेही.

पण तोच अर्क उलटंही करतो, आणि याचंच मला जास्त सांगायचंय. २००२ मध्ये कॅन्सर रिसर्च या जर्नलमध्ये एक पेपर आला, कर्क्युमिनवर. एमसीएफ-७, एमडीए-एमबी-२३१ आणि बीटी-४७४, तिन्ही ब्रेस्टच्या सेल लाईन, आणि कर्क्युमिन दिल्यावर डॉक्सोरुबिसिननं होणारा अपॉप्टोसिस (पेशीचा आतून ठरलेला मृत्यू) वाढला नाही, कमी झाला. कॅम्प्टोथेसिन आणि मेक्लोरेथामाइन या औषधांचंही तेच. मग त्यांनी उंदरांना खाण्यातून कर्क्युमिन दिलं तर सायक्लोफॉस्फमाइडनं गाठ जितकी आकसायला हवी होती तितकी आकसली नाही. आणि हे थोड्या कॉन्सन्ट्रेशनवर, काही मायक्रोमोलरमध्ये दिसलं. याच पेशींवर कर्क्युमिन डॉक्सोरुबिसिनला मदत करतं असे पेपर ढिगानं आहेत, बहुतेक जास्त कॉन्सन्ट्रेशनवर. कोण खोटं बोलतंय? कोणीच नाही. जास्त डोसला कर्क्युमिन ऑक्सिडेटिव्ह ताण वाढवतं, कमी डोसला कमी करतं, आणि या औषधांना पेशी मारायला तो ताण काही प्रमाणात लागतो. तेव्हा अमुक झाड कीमोला मदत करतं असं वाक्यच अर्धवट आहे. किती डोसला, आधी दिलं की नंतर, कुठल्या औषधाबरोबर आणि कुठल्या पेशींवर, हे चार सांगितल्याशिवाय सिनर्जी हा शब्द वापरू नये.

वेळेचं तर लोक बघतच नाहीत. पॅक्लिटॅक्सेल विभाजन होणाऱ्या पेशींवर काम करतं, मायक्रोट्यूब्युल्स (विभाजनाला लागणाऱ्या पेशीतल्या बारीक नळ्या) गोठवतं, आता तुमच्या अर्कानं पेशी जी१ मध्येच, म्हणजे विभाजनाच्या बऱ्याच आधी, थांबवल्या तर पॅक्लिटॅक्सेलला मारायला कोणी उरतच नाही. अर्क २४ तास आधी दिला तर अडथळा, २४ तास नंतर दिला तर मदत, असं एकाच अर्काचं होऊ शकतं. हे फक्त प्लेटपुरतं आहे असंही नाही. टॅमॉक्सिफेन (इस्ट्रोजेन रिसेप्टर अडवणारी गोळी) आणि कीमो दोन्ही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये उत्तम चालतात, पण एकत्र द्यायचं की कीमो संपल्यावर द्यायचं याची मोठी ट्रायल झाली, २००९ मध्ये निकाल आले, आणि कल कीमो संपल्यावर देण्याकडे निघाला. आजही टॅमॉक्सिफेन कीमोनंतरच सुरू करतात. दोन्ही बाजूला माहितीतली, मोजलेली औषधं असूनही इतका फरक पडतो, अर्कात तर काय-काय आहे हेच निम्मं माहीत नसतं.

आता डोस. प्लेटमध्ये कर्क्युमिन साधारण १० ते ५० मायक्रोमोलर देतात. माणसाला रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन तोंडानं दिलं तेव्हा रक्तात सर्वात जास्त सापडलं ते पावणेदोन मायक्रोमोलरच्या आसपास, आणि ३.६ ग्रॅमच्या दुसऱ्या एका अभ्यासात तर नॅनोमोलरमध्ये, म्हणजे त्याहूनही शंभरपटीहून कमी. वर ते मीडियममध्ये टिकतही नाही, सीरम नसेल तर अर्ध्या तासात ९०% संपतं, मग ७२ तास आपण पेशींना नक्की काय देत होतो हा प्रश्नच आहे. वर म्हटलेला उलटा परिणाम कुठल्या कॉन्सन्ट्रेशनवर दिसला होता ते आठवा, थोड्या. रक्तात पोचतं तेही थोडंच. माझी भीती नेमकी ही आहे.

कच्च्या अर्काचा हिशोब आणखी ढिसाळ असतो. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या जुन्या निकषानुसार कच्च्या अर्काचा आयसी५० (वाढ निम्म्यावर आणणारा डोस) ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तरच पुढे बघावं, आणि आपण ३००-४०० ला 'लक्षणीय परिणाम' लिहितो. त्या डोसला साखर सोडून बहुतेक काहीही टाका, पेशींची वाढ कमी होईलच. एकटा अर्क ३५० ला चालतो आणि कॉम्बिनेशनमध्ये १४० ला चालला, कॉम्बिनेशन इंडेक्स मस्त आला, पण १४० मायक्रोग्रॅम प्रति मिली रक्तात येणार कुठून? उंदरांचं पण तसंच. उंदराला किलोमागे २०० मिलीग्रॅम दिलं म्हणजे माणसाला किलोमागे २०० असं होत नाही, शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशोबानं साधारण बारानं भागायचं, म्हणजे १६ मिलीग्रॅम, ६० किलोच्या माणसाला जवळपास १ ग्रॅम अर्क. चूर्ण नव्हे, अर्क, चूर्ण त्याच्या कितीतरी पट लागेल. आणि उंदराला बऱ्याचदा ते पोटात इंजेक्शननं दिलेलं असतं, तोंडानं नाही.

शरीर म्हटलं की लिव्हर आली. प्लेटमध्ये लिव्हर नसते आणि आपला सगळा गोंधळ तिथे आहे. मावशीला काय चालू आहे तुम्ही लिहिलं नाही, पण डॉक्सोरुबिसिन म्हणजे बहुतेक एसी असणार, डॉक्सोरुबिसिन ६० आणि सायक्लोफॉस्फमाइड ६०० मिलीग्रॅम प्रति चौरस मीटर, चार सायकल, त्यानंतर पॅक्लिटॅक्सेल. यातलं सायक्लोफॉस्फमाइड हे मुळात निष्क्रिय औषध आहे, लिव्हरमधले सायटोक्रोम एन्झाइम त्याला चालू करतात. (प्रोजेक्टवाल्यांसाठी: म्हणूनच सायक्लोफॉस्फमाइड सरळ एमसीएफ-७ वर टाकून काही होत नाही, त्यासाठी लिव्हरशिवाय चालणारं ४-हायड्रोपरॉक्सी रूप घ्यावं लागतं. हे न बघता 'अर्क सायक्लोफॉस्फमाइडपेक्षा प्रभावी' असा निष्कर्ष काढलेला मी वाचलाय.) पॅक्लिटॅक्सेल सीवायपी२सी८ आणि सीवायपी३ए४ या सायटोक्रोम एन्झाइमनं निघून जातं, डोसेटॅक्सेल ३ए४ नं. आता अर्कानं एन्झाइम वाढवलं तर औषध लवकर संपतं, एन्झाइम दाबलं तर औषध साठतं आणि रक्तपेशींचे काउंट कोसळतात. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती घेणाऱ्या पेशंटमध्ये इरिनोटेकॅन या कीमोच्या औषधाचं सक्रिय रूप ४२% नं कमी झालं, हे माणसात मोजलेलं आहे. मिरीतलं पिपरिन उलटं, ३ए४ आणि तो मघाचा पंप दोन्ही दाबतं. हळदीच्या कॅप्सूलमध्ये पिपरिन घालतात ते शोषण वाढावं म्हणून, आणि शोषण वाढतंही, पण ते दार कर्क्युमिनपुरतं उघडत नाही. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या बायकांना कर्क्युमिन आणि पिपरिन दिलं तर एंडॉक्सिफेन, म्हणजे ज्यावर टॅमॉक्सिफेनचं काम अवलंबून आहे ते, साधारण १२% कमी झालं. आकडा छोटा वाटेल, पण जिची पातळी आधीच काठावर आहे तिच्यासाठी छोटा नाही. जेवणातल्या हळदीबद्दल मी बोलत नाहीये, कॅप्सूलबद्दल बोलतेय.

पंप अडवायची कल्पना तर मोठ्या कंपन्यांनीही करून बघितली. व्हॅलस्पोडार, टॅरिक्विडार, शुद्ध रेणू, प्लेटमध्ये जबरदस्त. माणसात व्हॅलस्पोडारबरोबर कीमो शरीरातून निघेचना, कीमोचाच डोस कमी करावा लागला, आणि फायदा असा काही दिसला नाही. तो पंप आतड्यात, लिव्हरमध्ये, मेंदूच्या रक्तवाहिन्यांत सगळीकडे असतो, फक्त गाठीतला पंप बंद करा असं कोणाला सांगता येत नाही.

लिव्हरला सरळ इजा होते तो भाग वेगळा. गुळवेल, अश्वगंधा, ग्रीन टीचा अर्क, तिन्हींमुळे लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. एरवी निरोगी माणसात ती वनस्पती बंद केली की बहुतेक वेळा सुधारतं. कीमोच्या पेशंटला लिव्हरच्या टेस्टमधलं एसजीपीटी आणि बिलिरुबिन वाढलं की सायकल पुढे ढकलावी लागते, डोसेटॅक्सेल तर बिलिरुबिन वाढलेलं असेल तर देतच नाहीत. म्हणजे कीमोला मदत म्हणून घेतलेल्या गोष्टीनं कीमोच थांबते.

इस्ट्रोजेनचा मुद्दा वेगळा आहे, मावशीचा रिपोर्ट ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) पॉझिटिव्ह असेल तर लागू. सोयामधलं जेनिस्टीन एमसीएफ-७ ला कमी कॉन्सन्ट्रेशनवर वाढवतं आणि जास्तवर थांबवतं, आणि उंदरांमध्ये त्यानं टॅमॉक्सिफेनचा परिणाम पुसून टाकलेला दिसला. दुसऱ्या बाजूला शांघायच्या पाच हजारांवर पेशंटच्या अभ्यासात जेवणात सोया जास्त घेणाऱ्या बायकांमध्ये मृत्यू कमी दिसले. दोन्ही खरं आहे. अन्न आणि सप्लिमेंट यांचा डोस वेगळा, म्हणून एकावरून दुसऱ्याबद्दल बोलता येत नाही.

माणसांवर काहीच चांगलं निघालं नाही असं म्हणत नाहीये मी. डोसेटॅक्सेलबरोबर तोंडानं कर्क्युमिनची फेज १ ट्रायल (किती डोस झेपतो ते बघणारी) फ्रान्समध्ये झाली, १४ पेशंट, दिवसाला ६ ग्रॅम झेपतं असं ठरलं. आर्मेनियात पसरलेल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या १५० बायकांवर ट्रायल झाली, आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल आणि त्याबरोबर शिरेतून ३०० मिलीग्रॅम कर्क्युमिन किंवा प्लासिबो, आणि गाठ आकसण्याचं प्रमाण ५१% विरुद्ध ३३% आलं. हे खरंच लक्ष देण्यासारखं आहे. पण शिरेतून दिलंय बघा, आतडं आणि लिव्हरचा पहिला फेरा टाळून, आणि आजार परत वाढेपर्यंतच्या काळात मोठा फरक दिसला नाही. यावरून बाजारातल्या कॅप्सूलबद्दल काहीही म्हणता येत नाही. याच्या विरुद्ध बाजूला २०२० मध्ये आलेला अभ्यास, ब्रेस्ट कॅन्सरच्या ११३४ पेशंट, डॉक्सोरुबिसिन-सायक्लोफॉस्फमाइड-पॅक्लिटॅक्सेल हीच कीमो, आणि कीमोच्या आधी व चालू असताना अँटिऑक्सिडंट सप्लिमेंट घेणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचा धोका ४१% जास्त दिसला. तो आकडा सांख्यिकीच्या काठावर होता, आणि निरीक्षणातून आलेला होता, म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही. पण दोन्ही वाचून तराजू कुठे झुकतो ते मावशीच्या जागी स्वतःला ठेवून ठरवा.

आता कोणीतरी म्हणणार, तुम्हाला वनस्पतींचं वावडं आहे. अहो पॅक्लिटॅक्सेल झाडाचंच आहे! पॅसिफिक यू नावाचं झाड, त्याच्या सालीचा नमुना १९६२ मध्ये गोळा केला, वॉल आणि वाणी यांनी १९७१ मध्ये रचना छापली, १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ यांनी ते मायक्रोट्यूब्युल्सवर कसं चालतं ते दाखवलं, आणि अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरसाठी परवानगी मिळाली १९९४ मध्ये. बत्तीस वर्षं. सदाफुलीपासून विनब्लास्टिन आलं, त्यावरून विनोरेलबिन, तेही ब्रेस्ट कॅन्सरमध्ये वापरतात. मावशी वनस्पतीजन्य औषध घेतेच आहे किंवा घेणार आहे, फक्त त्यात नक्की कोणता रेणू किती आहे हे बाटलीवर लिहिलेलं असतं आणि ते खरं असतं.

प्रोजेक्टबद्दल. वनस्पती आधी वनस्पतीशास्त्रज्ञाकडून ओळखून घ्या आणि हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) नमुना जमा करून नंबर घ्या, नाहीतर पुढचं सगळं फुकट. पूर्ण अर्काचा एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारी टेस्ट) काढा आणि निदान एक मार्कर रेणू मोजून ठेवा, कारण पुढच्या हंगामात तीच वनस्पती वेगळी निघते आणि परिणाम परत येत नाही. डीएमएसओ (अर्क विरघळवायचं द्रावक) शक्यतो ०.१% च्या पुढे नेऊ नका, फार तर ०.५%, आणि तेवढाच डीएमएसओ कंट्रोललाही. पेशींचं एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून ओळख) आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूची टेस्ट करा. एक ईआर पॉझिटिव्ह लाईन, एक ट्रिपल निगेटिव्ह, आणि एमसीएफ-१०ए सारखी कॅन्सर नसलेली, या तीन तरी हव्यातच. कॉम्बिनेशन कॅन्सर नसलेल्या पेशींनाही तितकंच मारत असेल तर तो शोध नाही, ते विष आहे. हा कंट्रोल लोक का लावत नाहीत मला कळत नाही, म्हणजे कळतं. वनस्पतीत इस्ट्रोजेनसारखं काही असल्याची शंका असेल तर एमसीएफ-७ फिनॉल रेड हा रंग नसलेल्या मीडियममध्ये वाढवा, फिनॉल रेडलाच इस्ट्रोजेनचा थोडा गुण आहे, आणि सीरम चारकोलनं साफ केलेला घ्या.

मोजायला एमटीटीऐवजी एसआरबी (पेशींतलं प्रोटीन रंगवून मोजणारी टेस्ट) घ्या, अर्कांना ती जास्त सोसते, आणि शेवटी क्लोनोजेनिक टेस्ट करा. दहा-बारा दिवस लागतात, कंटाळवाणं आहे, पण औषध काढून घेतल्यावर कुठली पेशी परत वसाहत करते हे फक्त तिथेच कळतं. कॉम्बिनेशनसाठी पूर्ण चेकरबोर्ड लावा, अर्काचे सहा डोस गुणिले औषधाचे सहा, आणि ब्लिस व लोव (डोसच्या बेरजेवर आधारलेलं) दोन्ही मॉडेलनं बघा, दोन्हीत सिनर्जी आली तरच बोला. पॅक्लिटॅक्सेल घेतलंत तर लक्षात ठेवा त्याचा कर्व्ह काही नॅनोमोलरनंतर सपाट होतो, तिथे चौ-तलालेचं सूत्र नीट बसत नाही. औषधाचे डोस रक्तात मिळणाऱ्या पातळीच्या आत ठेवा. डॉक्सोरुबिसिन शिरेतून दिल्यावर काही मिनिटांत रक्तातून खाली येतं आणि मग बराच काळ नॅनोमोलरमध्ये रेंगाळतं, तर ७२ तास १ मायक्रोमोलर ठेवण्यापेक्षा थोडा वेळ देऊन धुऊन टाका. आणि क्रम तीन प्रकारे करा, अर्क आधी, एकत्र, अर्क नंतर. हे शेवटचं एवढं एक केलंत तरी प्रोजेक्ट बाकीच्यांपेक्षा वेगळा होईल, आणि अडथळा निघाला तर तोही छापा, उलट तोच पेशंटच्या कामाचा आहे.

मावशीनं आधीच काही सुरू केलं असेल तर रागावू नका, नाहीतर ती लपवून घेईल. पुढच्या सायकलच्या आधी बाटली, पुडी, चूर्ण, काढा, जे असेल ते सगळं ऑन्कोलॉजिस्टसमोर ठेवा, कधीपासून आणि किती ते सांगा, आणि सीबीसीबरोबर (रक्तपेशींची मोजणी) एलएफटी (लिव्हरची टेस्ट) करून घ्यायची का ते तिथेच विचारा. लेबलवर घटक लिहिलेले नसतील तर ते त्याच दिवशी बंद करावं असं माझं मत. आणि कीमो चालू असताना ताप १००.४ च्या वर गेला तर कुठलाही काढा देत बसू नका, सरळ हॉस्पिटल, रात्री दोनलासुद्धा.